मागे चालणाऱ्याने बोलायचं

डोंगरात आम्ही दोघंच जातो, मी आणि माझा नवरा. चालायची पद्धत ठरलेली होती. हे पुढे, मी मागे. बायकोने मागून चालावं असला काही प्रकार त्यात नव्हता. तसं असतं तर पहिल्याच रविवारी मी घरी बसले असते. कारण यांच्या कानात होतं. लहानपणी यांचा डावा कान फुटायचा. घरचे त्यात कोमट तेल सोडत राहिले आणि कान कायमचा गेला. उजव्याचं जे काही उरलं होतं ते जिनिंगने खाल्लं. परतूरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हे सुपरवायझर आहेत. हंगामाचे चार-पाच महिने त्या घरघरीत उभं राहिल्यावर कान काय शिल्लक राहणार! डोळे मात्र तेज. पायवाटेवर वाळलेल्या पानांत फुरसं बसलेलं असलं तरी दहा पावलांवरून दिसायचं.

तेव्हा यांनी बघायचं आणि मी ऐकायचं, असं आम्ही वाटून घेतलं होतं. पुढे काही शंकेची जागा आली, घळीचं वळण, झाडोरा, कड्याखालची सावली, की हे थांबत आणि उजवा हात वर करत. मागे वळून बघत नसत. मी कानोसा घ्यायचा आणि जे ऐकू येईल ते मोठ्याने सांगायचं. पाणी वाहतंय. मोहोळ आहे कुठेतरी, घुमतंय. वरून दगड सुटतायत. कुत्री आहेत. काहीच ऐकू आलं नाही तर गप्प राहायचं. मी गप्प राहिले म्हणजे रस्ता मोकळा. थोडा वेळ थांबून हे हात खाली घेत आणि पाऊल टाकत.

हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घरात शनिवार-रविवार खायला उठले आणि आम्ही पाठीवर पिशव्या अडकवून निघायला लागलो, तेव्हा चालता चालता तो तयार झाला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी मोकळी. आमचा जालना जिल्हा तसा सपाटच, पण भोकरदनच्या पलीकडे उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेची टोकं उतरतात, तिथे चढायला डोंगर आहेत आणि उतरायला घळी. एका मुक्कामाचं सामान, भाकरी, ठेचा, शेंगदाणे, पाण्याच्या चार बाटल्या. नातेवाइकांना हे वेड वाटायचं. माझी जाऊ कुंभार पिंपळगावहून फोन करून विचारायची, "डोंगरात काय ठुलंय वो तुमचं, दर ऐतवारी हुडकायला जाता ते?"

ज्या रविवारचं मी सांगतेय तो दिवाळीनंतरचा. त्याची सुरुवात आदल्या संध्याकाळी एका चहाच्या टपरीवर झाली, आणि ती माझ्या रागाने झाली. हे मी आधीच सांगून टाकते.

पायथ्याच्या गावात उतरलो तेव्हा टपरीवर पाच-सहा माणसं बसली होती. यांना अनोळखी माणसांत रमायला आवडतं, कारण ऐकू येत नाही हे त्यांना लगेच कळत नाही. हेच बोलत राहतात. कुणीतरी विचारलं, बाईमाणसाला घेऊन डोंगरात कशाला येता? तर हे म्हणाले, "काय सांगू भाऊ, घरी रेडिओ, डोंगरात बी रेडिओ. बंदच होत न्हाई. म्हणून मी हिला बहिऱ्या कानाच्या अंगाला ठुतो."

सगळे हसले. टपरीवाला तर दूध उतू जाईपर्यंत हसला. मीही हसल्यासारखं केलं. पण माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आग गेली. मी बोलते कुणासाठी? चार वर्षं घसा कोरडा करून मी याच माणसाला वाटेवरचा प्रत्येक आवाज पुरवत होते. माझ्या माहेरी मला घुमी म्हणायचे! आणि आता मी रेडिओ झाले. मनात म्हटलं, ठीक आहे, रेडिओ बंद. बघू किती चालता येतं ते.

रात्री शाळेच्या पडवीत पडलो. यांना माझा अबोला कळलाही नाही, किंवा कळून त्यांनी दुर्लक्ष केलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली की अबोला पंख्याच्या आवाजासारखा अंगवळणी पडतो. सकाळी चहा झाला, चढ झाला, माथ्यावर पोचलो, भाकरी खाल्ली. मी एक शब्द बोलले नव्हते. यांनी दोनदा हात वर केला होता आणि दोन्ही वेळा खरंच काही आवाज नव्हता, त्यामुळे निभावलं.

माथ्यावर एक म्हातारी शेळ्या चारत होती. आम्ही घळीतून उतरणार म्हटल्यावर तिने खालच्या बाजूला हात केला.

"घळीनं जाताव तर जा, पर खाली मक्याचं रान हाय. रानडुकरासाठी तार लावून राह्यलेत लोकं. गेल्या महिन्यात माही एक शेळी गेली तिथं."

हे तिच्या अगदी जवळ, उजवा कान पुढे करून उभे होते. यांना ऐकू आलं. "मावशी, करंट रातचा सोडतेत," हे म्हणाले. "दिवसा तारीत काय नसतं."

"मला न्हाई बा कळत त्यातलं," म्हातारी म्हणाली. "शेळी तर दुपारीच गेली."

पण हे हसले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला लाईटच्या पाळ्या तोंडपाठ असतात. मोटरीला लागते आणि तारेतही सोडतात ती शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यात काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री. कोणत्या वारी कधी, हे पिकाला पाणी देणाऱ्याला आपल्या मुलांच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक असतं. आमचं शेत दीर बघतो, तरी हे दर आठवड्याला त्याला फोन करून पाळी विचारून घेतात. जणू इथे बसून हेच मोटर चालू करणार आहेत. उतरायला लागल्यावर मला म्हणाले, "ऐतवारी रातची लाईट असती. आत्ता तार मेलेली हाय. भिऊ नको." मी भीत नव्हते. मी रागात होते.

एक गोष्ट यांच्या ध्यानात आली नाही, आणि माझ्याही नाही. ती पाळी आमच्या गावाची होती. इथली वेगळी असणार. दीडशे किलोमीटरवरच्या डोंगराला हे कुंभार पिंपळगावची लाईट लावत होते.

घळ अरुंद होती. दोन्ही बाजूंना काळा कातळ, खाली गोटे, मध्येच करवंदीच्या जाळ्या. ऊन वरच्या वर अडत होतं. नेहमी अशा जागी वानरं असतात, एखादा तरी पारवा फडफडतो. त्या दिवशी काही नाही. माझ्या बुटांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. अर्ध्या वाटेवर पाण्याच्या सुकलेल्या डबक्याशी एक कोल्हा मरून पडला होता, खालून कुणीतरी आणून टाकल्यासारखा. अंगावर कुठे जखम नाही. ओठ मागे ओढलेले आणि जबड्याच्या एका बाजूचे केस जळून गेलेले. यांनी काठीने त्याचं डोकं वळवून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलेन म्हणून थांबले. मी पाण्याची बाटली काढून प्यायले. मग आम्ही पुढे निघालो.

घळीचं तोंड उघडलं आणि एकदम हिरवा मका समोर आला. आम्हाला त्याच्या बांधावरून गाडीरस्त्याला लागायचं होतं. बांधाच्या अलीकडे बाभळीच्या मेखा रोवून, गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली, उघडी तार ओढलेली होती. मेखांना बाटल्यांचे तुकडे बांधून त्यांवरून ती नेली होती. खालची जमीन ओली होती.

तारेपासून पंधरा-वीस पावलांवर हे थांबले. उजवा हात वर केला.

मला मोटर ऐकू येत होती.

मक्याच्या पलीकडे कुठेतरी विहीर असणार. तिथून तो एकसुरी घुमणारा आवाज येत होता आणि पाइपातून पाणी पाटात पडत होतं. स्वच्छ ऐकू येत होतं. घळीच्या तोंडापासूनच येत होतं. मोटर चालू म्हणजे थ्री फेज आहे. थ्री फेज आहे म्हणजे तार मेलेली नाही. हे सगळं मला त्या क्षणी कळलं. नंतर विचार करताना कळलं असं मला म्हणता येणार नाही. मी शेतकऱ्याची सून आहे, मला तेव्हाच कळलं.

आणि मी गप्प राहिले. मनात म्हटलं, वळून बघू दे. एकदा वळून माझ्या तोंडाकडे बघून विचारू दे, काय ऐकू येतंय का गं, म्हणून. रेडिओ लागतोय ना आता? मग मागा. मागितल्यावर देईन. एवढंच माझ्या मनात होतं. यांचं वाईट व्हावं असं नव्हतं. पण तो वर केलेला हात मी बघत उभी होते, आणि मला बरं वाटत होतं.

यांनी नेहमीइतकी वाट पाहिली. वळले नाहीत. मग हात खाली घेतला आणि चालायला लागले.

अजूनही वेळ होता. पंधरा पावलं म्हणजे पुष्कळ वेळ. मी त्यातली दहा तरी मोजली असतील. तारेशी पोचल्यावर यांनी काठी बांधाला टेकवली आणि खाली वाकले. प्रत्येक कुंपणाशी हे असंच करतात, तार हाताने वर उचलून धरतात आणि मला आधी खालून जाऊ देतात. चार वर्षांत एकदाही माझी ओढणी कुठे अडकू दिली नाही. या वेळीही, मी बोलत नसताना, टपरीवर लोकांपुढे माझी थट्टा करून झाल्यावरही, माझ्यासाठीच हात पुढे झाला.

मी ओरडले. "अहो, थांबा! मोटर चालू हाय!" जिवाच्या आकांताने ओरडले. मी डाव्या बाजूला होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. हे पडले नाहीत, हेच भयंकर होतं. तार पकडून उभे राहिले आणि अंग थडथडत होतं. घशातून माणसाचा नसावा असा आवाज निघत होता. मी हात लावायला धावले आणि अगदी जवळ जाऊन थांबले. कसं कोण जाणे, डोकं शाबूत राहिलं. माझ्या हातात वाळलेल्या बांबूची काठी होती. ती दोन्ही हातांनी धरून मी यांच्या मनगटावर मारली. सुटले नाहीत. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज आला आणि हे मागे कोसळले.

मक्यातून एक माणूस धावत आला. शेताचा मालक. माझं ओरडणं ऐकून त्याने आधी स्टार्टरच्या पेटीतून तारेची वायर उपटली होती, मग आला. पस्तिशीचा असेल. यांच्या छातीला कान लावून रडायलाच लागला. "ताई, सकाळी काढायची राह्यली हो! रात्री डुकरं आल्ती, मी जागरण केलं, काढायची ध्यानातच आली न्हाई." त्याने आणि मी मिळून यांना त्याच्या छोट्या टेम्पोत घातलं. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत मी यांच्या नाकाशी बोट धरून बसले होते. श्वास येत होता, पण मध्येच थांबायचा आणि मग माझाही थांबायचा.

हे वाचले. पुढे जालन्याला नेलं, अठरा दिवस तिथे होते. मनगट जोडलं, तळहातावर कातडं लावलं. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, ती तशीच राहणार. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर हातातून गेले असते. बाईंनी काठी वापरली म्हणून. मग काय, जो भेटायला येई तो माझं कौतुक करी. सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझी दृष्ट काढली. जाऊ म्हणाली, सावित्री हाय आमची. आणि हे, पांढऱ्या चादरीवर पडून, आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "ती वरडली हो येळेवर. मलाच ऐकू आलं न्हाई. माह्या कानानं घात केला." वेळेवर! मी मोसंबी सोलत बसायचे आणि मान खाली घालून हो म्हणायचे.

एका दुपारी कुणी नसताना यांनी माझा हात डाव्या हातात घेतला. म्हणाले, "टपरीवर मी लई वंगाळ बोललो. मला माफ कर." मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, मी ते कधीच विसरले."

शेतमालक दोनदा येऊन पाया पडून गेला. पोलिसांत जाऊ नका म्हणाला. मी म्हटलं, नाही जाणार. सगळ्यांना वाटलं, केवढं मन मोठं हिचं. तक्रार केली असती तर विचारपूस झाली असती. तुम्ही कुठे होतात, मोटर कधी ऐकू आली, कधी ओरडलात. तेवढ्यासाठी मी त्याला सोडला. त्याची तार आजही तिथे असली तर ती माझ्यामुळे आहे.

उन्हाळ्यात मुलगी आली आणि हट्टाने यांच्यासाठी कानाचं मशीन घेऊन दिलं. ती परत गेल्यावर एका संध्याकाळी हे खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले. "बसवून दे. आन् मागं उभी राहून काय बी बोल," म्हणाले. "हळू बोल. बघू किती येतंय." मी मशीन उजव्या कानात बसवलं आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिले. समोर त्यांची पाठ होती. चालताना हीच तर मला दिसायची.

मी काय बोलणार होते? चहा ठेवू का, भाजी काय करू, असलंच काही. पण तोंडातून आलं ते दुसरंच. अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं मी म्हटलं, "तुम्ही हात वर केला तव्हा मला मोटर ऐकू आल्ती. मी मुद्दाम बोलले न्हाई."

बाहेर भांड्यावर भांडं वाजलं, रिक्षा गेली. मग हे म्हणाले, "येतंय ऐकू. बराबर येतंय."

डाव्या हाताने मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी कपाटात ठेवली. नंतर चहा मागितला. मी दिला. त्याबद्दल त्या दिवशी ते काही बोलले नाहीत आणि आजपर्यंत नाहीत. भांडले असते, हात उगारला असता, जिनिंगमधल्या चार माणसांत सांगितलं असतं तरी मला चाललं असतं. मशीन मात्र त्यांनी पुन्हा लावलं नाही.

पाऊस सरल्यावर त्यांनीच पिशव्या काढल्या. "चल," म्हणाले. आता उजव्या हाताने फांदी बाजूला करता येत नाही, दगडाला धरता येत नाही. म्हणून मी पुढे चालते, हे मागे. हात वर करायची पद्धत राहिली नाही. मागून यांच्या पावलांचा आवाज मला येत असतो, आणि यांना माझ्या खांद्यावरून पुढचं सगळं दिसत असतं. डोळे तसेच तेज आहेत.

गेल्या रविवारी आम्ही एका कड्याच्या कडेने चाललो होतो. वाट हातभर रुंद, उजवीकडे खोल घळ. मी एका सपाट दगडावर पाय ठेवला आणि तो हलला. अंगाला झटका बसला तशी मी मागे उडी घेतली. दगड सुटला, खाली आपटत आपटत गेला, आणि त्याचा शेवटचा आवाज यायला फार वेळ लागला. वळून पाहिलं तर हे चार पावलांवर उभे होते. जिथून दगड सुटला त्या जागेकडे बघत होते. तोंडावर भीती नव्हती, रागही नव्हता.

मी उजव्या कानाशी जाऊन विचारलं, "सुटा दगड दिसला न्हाई का तुम्हाला?"

"दिसला की," हे म्हणाले. "सांगणारच व्हतो."